डाळ मिलची जाळी

अप्पा, तुमच्या फोटोला हार घालताना आजही माझा हात आखडतो. चारचौघांत मी तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलत आले. औशातलं तुमचं वेल्डिंगचं दुकान, कपाळावरची विभूती, पहाटेच पेटणारी तुमची भट्टी, सगळं अजून डोळ्यांपुढं आहे. पण राग जात नाही. तो आज लिहून काढते.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. छोटे ट्रॅक्टर नांगर सोडून पाण्याचे टँकर ओढत होते, कोरड्या नदीतल्या दगडांवरून, तुरीच्या धसकटांतून. दगड खालच्या तेलाच्या चेंबरला लागायचा, धसकट पुढच्या रेडिएटरमध्ये घुसायचं. तुम्ही चेंबरखाली जाड पत्रा बसवायचात, ब्रेकच्या दांड्यांवर पाइप चढवायचात. काम देखणं असायचं, हे मी नाकारत नाही. मी नांदेडच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली, पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली. तुम्ही एका ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढं डाळ मिलमधली जुनी चाळणी वेल्ड करताय. "ह्यातून तुरीचा दाणा जात न्हाई, धसकट काय जाईल!" ट्रॅक्टरचे ड्रायव्हर चाचा कौतुकानं बघताहेत. मी म्हणते, "अप्पा, जाळी फार बारीक आहे. भुसा अडकला तर हवा कुठून जाणार?" तुम्ही मानसुद्धा वर करत नाही. "जा, तुझ्या सिस्टरला इचारून ये. तवर इंजन थंड ठिवतो." सगळं दुकान हसलं. चाचा तेवढे हसले नाहीत.

चौथ्या दिवशी जाळी भुशानं गच्च भरली आणि नदीच्या मधोमध इंजिनाचं पाणी उकळलं. पलीकडं बाया घागरी घेऊन ताटकळल्या होत्या. चाचांनी घाईनं रेडिएटरचं टोपण उघडलं आणि हात कोपरापर्यंत भाजून घेतला. ट्रॅक्टरचा मालक त्यांना घेऊन दुकानात आला. "गरम टोपण उघडतंय का कुणी? दुसरा ड्रायव्हर बघा," तुम्ही म्हणालात. चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "बेटी बोलली होती, जाळी बारीक हाय म्हणून. इचारा तिला." मालकानं विचारलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. मी म्हणाले, "मी काही बोलले नव्हते."

चाचांचं काम त्याच दिवशी सुटलं. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या प्रत्येक जाळीची भोकं मोठी झाली, वर दोन बिजागऱ्याही आल्या, उघडून भुसा झाडता यावा म्हणून. म्हणजे चूक तुम्हाला कळली होती. मालकाकडं जाऊन तेवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला? चाचा नंतर बसस्टँडवर केळी विकताना दिसायचे. तुम्ही रस्ता बदलायचात. मी तुमच्या मागून चालायचे.

हा कागद घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवणार आहे. त्या दिवशी मालक गेल्यावर तुम्ही तुमच्या बशीतला अर्धा चहा माझ्यापुढं सरकवलात, आयुष्यात पहिल्यांदाच. घाबरून खोटं बोलले, असं मी आजवर म्हणत आले. पण अप्पा, तो चहा मला गोड लागला होता.