ताईच्या जागी

३ जून
आले एकदाची! ताईने अख्ख्या प्रयोगशाळेसमोर "हे आमचं शेंडेफळ" अशी ओळख करून दिली. नोकरी तिनेच मिळवून दिलीय, म्हणून ऐकून घेतलं. इथली रक्त तपासायची चिप पोस्टाच्या तिकिटाएवढी, तिच्यात केसाहून बारीक वाटा. जिथे नळीभर रक्त लागायचं तिथे एक थेंब पुरतो, औषधही थेंबभरच, आणि उत्तर दहा मिनिटांत. मी तर प्रेमातच पडले. इथली रीत अशी, की नव्या माणसाने पहिली चिप स्वतःच्या थेंबावर चालवायची. सुई ताईनेच टोचली, बोटावर फुंकर घालत.

५ जून
वापरलेली चिप रोज संध्याकाळी फेकतात. माझी अजून पंपावर आहे, म्हणजे थेंब वाटांतून ढकलणाऱ्या यंत्रावर. थेंब तो केवढा, पण दोन दिवस वाहतोच आहे. पंप सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, तर ताईला विचार म्हणाले आणि सटकले. ताई म्हणाली, चौकशा पुरे, कामाला लाग.

८ जून
भर दुपारी डावा हात गार पडला. त्याच वेळी आत माझी चिप थंड करून बघत होते. योगायोग असेल. मग तिच्यात निळा रंग सोडला. माझी नखं निळी झालीत. साबणाने जात नाही.

१० जून
काका अखेर बोलले. त्या पंपावर थेंब एकदा लागला की थांबत नाही. चिपमध्ये जे घडतं ते ज्याचा थेंब त्या माणसालाही होतं. तीन वर्षं तिथे ताईचा थेंब होता. बारीक वाटेत एवढासा बुडबुडा अडकला तरी ती छाती धरून बसायची. तो काढणं फक्त तिलाच जमतं. सुटायचं तर सख्ख्या रक्ताचं माणूस जागी द्यावं लागतं.
ताईने नाकारलं नाही. "तुझ्याशिवाय कुणाचं जुळलंच नसतं गं. मी तरी किती दिवस काढायचे?"
सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला माझा.

११ जून
ताई आली नाही. टेबल रिकामं. पंप बंद करू म्हटलं, तर काकांनी हात धरला — पंप थांबला की मीही —

१२ जून
बुडबुडा. पहिल्या वळणावर. छातीत कळ —
ताईला फोन लावला. निघालेच म्हणाली, अर्ध्या तासात पोचते. मागे विमानाची घोषणा चालू होती, प्रवाशांनी आत यावं —

दुसरं वळण. हात उचलत ना —
तरी दाराकडेच बघतेय. येईल. मला खोटं नाही सांगणार, माझी ताई आहे ती, माझी