पोआसाचे कागद

सोमवार, ४ मार्च २०१३

नामंजूर! पोआसाच्या लष्करी पेन्शनसाठी पाच महिने थांबलो, आणि आलं काय — दीड पान. 'अर्जदार नीटनेटका. वागणं नम्र. उत्तरं मुद्देसूद. घरची बाग करतो. कामधंदा करण्यास गंभीर अडचण दिसत नाही.'

नीटनेटका! तो शर्ट मी इस्त्री केला. दाढी मी केली, कारण त्याचा हात थरथरत होता. डॉक्टर हवाईहून आला होता, तपासणी सगळी मिळून बारा मिनिटं. मी दाराबाहेर. "कसं काय चाललंय?" "ठीक आहे, सर."

घरी आल्यावर विचारलं, "ठीक आहेस तू?" तर म्हणतो, "मोठ्या माणसासमोर रडगाणं गात बसू?"

आणि बाग! तारोचे कंद मी लावते. तो फणसाच्या बुंध्याला पाठ टेकून बसतो — मागून कोणी येऊ नये म्हणून.

बुधवार, ६ मार्च

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा. घंटा कसली, रिकामं गॅस सिलिंडर झाडाला टांगलंय, त्यावर हातोडा. इराकहून आल्याला सात वर्षं झाली, पण पहिल्या ठोक्याला पोआसा अजून टेबलाखाली जातो. मी आधीच रेडिओ मोठा करते, नळ सोडते, भांडी आपटते. शेजारी म्हणत असतील, काय आदळआपट करते ही बाई!

आमची लेक मेले आताशा माझ्या बहिणीकडेच झोपते. नऊ वर्षांची पोर. "बाबा ओरडला की मला शू होते," म्हणाली. तिच्या बाबाला सांगितलंय की मावशीकडून शाळा जवळ पडते.

शुक्रवार, ८ मार्च

मासे डबाबंद करायच्या कॅनरीतून सुटल्यावर तशीच सिआकीकडे गेले. अंगाला माशाचा वास! सिआकी स्वतः लढाईत पाय अधू करून आलेला, आता बाजाराशेजारी टेबल टाकून इतरांचे अर्ज भरून देतो. पत्र वाचून हसलाच. "सेलाइना, तू नवऱ्याला इतका छान सांभाळतेस की तो आजारी दिसतच नाही. तू काय काय करतेस ते सगळं लिही. आणि काही मोठा प्रकार घडला असेल तर त्याचा पुरावा आण."

घडलाय. ऑक्टोबरात पोआसानं आधीचं सिलिंडर कापून समुद्रात ढकललं आणि घंटा वाजवणाऱ्या सेफोचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे, माफी मागायच्या आमच्या रीतीप्रमाणे, आमचं सगळं घराणं सेफोच्या दारात, डोक्यावर बारीक विणीच्या चटया घेऊन, मान खाली घालून बसलं. ऊन चढल्यावर सेफोनं बाहेर येऊन चटया उचलल्या. माफी मिळाली.

सिआकी म्हणाला, "हेच! गावच्या प्रमुखाचं पत्र आण."

प्रमुख म्हणजे वाईतोआ. पोआसाचे सख्खे काका. वाटलं, झालंच काम.

रविवार, १० मार्च

नाही झालं.

चर्चनंतरचं जेवण झालं, काकांनी बोटं पुसली. मग मी पत्राचा विषय काढला.

"नाही, सूनबाई."

"काका, चार ओळी फक्त."

"आपण चटईखाली बसलो. त्यांनी चटई उचलली. विषय संपला. संपलेलं पुन्हा कागदावर उतरवलं, तर मग ती माफी कसली? सेफोच्या तोंडावर थुंकल्यासारखं होईल ते."

"पण ऑफिसला पुरावा लागतो."

"मग ऑफिसला म्हणावं, इथे या, जेवा आणि विचारा."

तेही चुकीचे नाहीत, हाच तर संताप. कोणावर चिडू?

सोमवार, ११ मार्च

ठरवलं, यापुढे त्याच्या शर्टाला इस्त्री करायची नाही.

केली.

गुरुवार, १४ मार्च

मासे साफ करता करता डोक्यात जुळवलं आणि जेवणाच्या सुट्टीत लिहून काढलं. तीन पानं. रेडिओ, नळ, दाढी. मेले. सिलिंडर आणि सेफोचा हात — काकांच्या परवानगीशिवाय. 'यानं दोनदा झोपेत माझा गळा धरला.' 'पैसे हातात दिले तर कुठे ठेवले ते त्याला आठवत नाही, सगळे व्यवहार मीच बघते.' लिहिताना वाटलं, मी चुगली करतेय.

पाठवण्याआधी त्याला वाचायला दिलं. न देता पाठवणं जमेना.

बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "मेले माझ्यामुळे जाते?"

त्यानं पेन मागितलं. वाटलं, फाडतोय आता. पण 'दोनदा' खोडून 'तीनदा' केलं. "एकदा तुला जाग आली नव्हती," म्हणाला आणि बागेत जाऊन बसला.

शुक्रवार, १७ मे

दुसरी तपासणी. या वेळी डॉक्टर पडद्यावर, आवाज तुटत तुटत. मलाही बसू दिलं. "कसं चाललंय?" — "ठीक आहे, सर." टेबलाखाली मी त्याच्या पायावर पाय दिला! डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, त्यांना बोलू द्या."

मी पाय मागे घेतला.

शेवटी पोआसा म्हणाला, "बायकोनं लिहिलंय ते सगळं खरं आहे." बस, एवढंच. पण म्हणाला.

सोमवार, १० जून

काही नाही.

सोमवार, २४ जून

काही नाही. ऑफिसला फोन केला. पाऊण तास तेच ते गाणं ऐकवलं, मग लाईन कट! रिसीव्हर भिंतीवर आपटणार होते. पोआसा घरात होता म्हणून हळूच ठेवला. मला साधं आपटताही येत नाही या घरात.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मंजूर! शंभर टक्के अपंगत्व धरलं! बहीण रस्त्यातूनच ओरडत आली. काकांनी प्रार्थना म्हटली, पत्रावर हात ठेवून — मी काय लिहिलं होतं ते विचारलं नाही. मेले पोआसाच्या गळ्यात पडली.

सगळे गेल्यावर दुसरं पान वाचलं.

'पत्नीच्या निवेदनानुसार अर्जदार स्वतःचे पैसे सांभाळण्यास असमर्थ आहे. रक्कम त्याच्या हाती न देता दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवण्याचा प्रस्ताव आहे.' आणि खाली अवतरणात माझं वाक्य. शब्द न् शब्द माझा.

धावत सिआकीकडे गेले. तो डोकं खाजवत म्हणाला, "होतं असं कधी कधी. हरकत घेता येते. पण मग सगळी फाईल पुन्हा उघडली तर? विचार कर."

काय विचार करू! धडधाकट म्हणा, तर पेन्शन नाही. आजारी म्हणा, तर त्याला पोर करून टाकतात!

पान उशीच्या अभ्र्यात लपवलं. उद्या सांगेन.

शनिवार, ७ सप्टेंबर

काल सांगणं जमलंच नाही. सकाळी पोआसा आपणहून दुकानात गेला. एकटा! किती महिन्यांनी. आला तो रिकाम्या हातानं. म्हटलं, दुकान बंद होतं का?

"नाही. मेलेसाठी वही घ्यायची होती," म्हणाला. "पण तुला विचारलं नव्हतं."

तो हसेल म्हणून मी थांबले. तो हसला नाही.