पुढच्या अंगणातली दोरी

निरवांगी, ता. इंदापूर
१२ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीला कुशाआजीचा पोटभर आशीर्वाद.

हितं समदी बरी हायेत. बारामतीच्या होस्टेलात गेलीस आन् घरी एक आजी हाय हे विसरलीस, ते असू दे. पण पळायची टाईटसुद्धा दोरीवरच विसरलीस? पाय तरी नेलेस का संगं?

ती टाईट या पुडक्यात हाय. गुडघ्यावर फाटली व्हती, मी शिवलीय. सुईत दोरा तुझ्या आईनं ओवला, पण टाके माझे हायेत. सैल आन् नागमोडी घातल्यात. ताठ घातले असते तर तू पहिली ढांग टाकताच तटकन तुटले असते.

आई म्हणती, तुझ्या टाईट लवकर ढिल्या पडत्यात आन् सर रागावत्यात. रागावतीलच. तू घालतीस कशी ते मी बघितलंय, म्हशीला दाव्यानं वढल्यागत. आधी पायाची नखं काप, अंगठी काढ. मग घोट्यापासनं गोळा करून हळूहळू वर घे. धुताना उलटी करून गार पाण्यात. ब्रश न्हाय, आपटणं न्हाय, पिळणं तर न्हायच. टॉवेलात गुंडाळून दाबायची. आन् वाळत घालायची सावलीत, पण मोकळ्या वाऱ्याला.

हे वाऱ्याचं ध्यानात ठेव. आपल्याकडं तुझी टाईट गोठ्यामागं, वल्या लुगड्याखाली वाळायची. कुणाला दिसू नये म्हणून. वाळायची कसली, कुबट वास मारायची आन् रबर कुजायचं. हुकूम कुणाचा व्हता ते तुला ठावं हाय. त्यावरनंच तू दिवाळीत ताटावरनं उठून गेलीस.

आता अक्षर ओळखलंस का? पत्र लिहून देणारी शेजारची सोनम माहेरी गेलीय, म्हणून तुझ्या बापाला बसवलाय. मघापासनं मान वर करत न्हाय.

तर झालं असं. परवा शिवलेली टाईट धुऊन मी गोठ्यामागं घातली. चहा पिऊन बघते तर तितं न्हाय. पुढच्या अंगणात लिंबाच्या सावलीला, रस्त्याच्या तोंडावर नवी दोरी बांधलेली, आन् टाईट एकटीच वाऱ्यावर पळतीया. सोसायटीच्या हापिसातनं येताना गावचे आबासाहेब थांबले. म्हणाले, "दिग्विजयराव, हे काय टांगलंय?"

तुझा बाप म्हणाला, "पोरीची हाय. पळती ती. बारामतीत पहिली आली."

"आई, हे लिहीत न्हाय मी," म्हणतोय. लिही म्हटलं, मला वाचता येत न्हाय म्हणून गाळशील व्हय? लिहून झाल्यावर पुन्हा वाचून घेतलं. वाचताना त्याचा आवाज बसला. थंडीनं बसला म्हणतोय. बाहेर ऊन पडलंय.

मला तुझा लई अभिमान हाय, बाय. परवापासनं ह्याचाबी जरा जरा वाटायला लागलाय. दोरी त्यानं अजून सोडली न्हाय. तुझ्या बाकीच्या टाईट घेऊन ये, जागा हाय.

तुझी, पळणारीची आजी,
कुशाबाई
(अंगठा खाली हाय. शाई पसरली असंल तर हात धरणाऱ्याची चूक.)

आन् एसटीनं नानकटाईचे दोन पुडे पाठव. एक माझा, माझ्या दातांना झेपंल असा. दुसऱ्यावर तुझ्या हातानं "पप्पांना" असं लिही. मला वाचता येत न्हाय, त्याला येतंय.