टोफूवाल्यामागच्या खोलीतले छोटे स्पीकर

६ नोव्हेंबर, बुधवार
स्पीकरच्या तीन जोड्या आणून टाकल्या आणि म्हणे, "आजी, पंधरा दिवसांत ठरवा, दोन परत नेतो!" हिरानुमाचं काय जातंय! स्पीकर विकायचं दुकान त्याचं, डोकेदुखी माझी. मला गाण्यातलं काय कळतं? चाळीस वर्षं मी किटली ऐकली. गाणं ऐकायचं काम आमच्या मालकांचं, चिज़ुकोच्या बाबांचं. ते एप्रिलात गेले. जूनमध्ये रस्ता रुंद करायला आमचं गाणी ऐकायचं कॅफे पाडलं. आता कॅफे म्हणजे ही टोफूवाल्यामागची, जेमतेम सहा चटया मावतील एवढी खोली. कपाटाएवढे जुने स्पीकर दारातूनच शिरेनात — विकले.

चिज़ुकोचा फोन. "आई, नवीन वर्षापर्यंत रोजची दहा गिऱ्हाइकं झाली नाहीत, तर साइतामाला माझ्याकडे यायचं." लेक आहे की पोलीस?

८ नोव्हेंबर
पहिली जोडी हिरानुमाने जोडून दिली. ढोल वाजला की कपबशा थरथरतात. "स्पीकरच्या पाठीला भोक आहे, आजी, तिथूनही आवाज निघतो. भिंतीपासून दीड हात पुढे ओढा." पुढे ओढले तर गिऱ्हाइकांचे गुडघे कुठे ठेवू? नापास.

११ नोव्हेंबर
दुसरी जोडी. ब्रेडच्या लादीएवढी, चारी बाजूंनी बंद. भिंतीला टेकवली तरी घुमत नाही! मालकांच्या जुन्या तारेने मीच जोडली. बसलेल्या माणसाच्या कानाशी यावी म्हणून फळी खाली घेतली.

नऊ माणसं आली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलायचं नसतंच — मालकांची पाटी आहे, 'आत आलात, ऐका.' कॉफीसुद्धा बोटाने मागायची.

१४ नोव्हेंबर
चार माणसं.

१६ नोव्हेंबर
दोन. पाऊस नाही, सण नाही, काही नाही!

त्यातले एक निशिना. पूर्वी ट्राम चालवायचे, तीस वर्षं आमच्याकडे येतात. निघताना दाराबाहेर गाठलं. "कसं वाजतंय?"
"शांत वाटतं, वहिनी."
शांत तर स्मशानही असतं!

१७ नोव्हेंबर
तिसरी जोडी लावली. तीच तार, तेच हात. तबकडीतली बाई गाते, पण कुठे उभी राहून गाते कळत नाही. दोन्हीकडे आवाज, मध्ये पोकळ. माझेच कान फुटके असणार. मालक असते तर एका मिनिटात बोट ठेवलं असतं.

जास्तीच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. साइतामात काय, दिवसभर लेकीचा व्हॅक्यूम क्लीनर ऐकायचा.

२० नोव्हेंबर
हिरानुमा दोन जोड्या परत न्यायला आला. बसला, आणि अर्ध्या मिनिटात उडी मारून उठला. "आजी! एका बाजूची तार उलटी जोडलीय! एक स्पीकर दुसऱ्याचा आवाज खातोय!"
"त्या तारेवर लाल नाही, काळं नाही. मला काय स्वप्न पडणार?"
"एका पदरावर बारीक रेघ आहे, ही बघा."
"माझ्या डोळ्यांना? रेघ?"
"दुसरी जोडीपण अशीच लावली होती?"
अशीच!

त्याने दुसरी परत फळीवर ठेवली, तार सुलटी केली. आणि ती बाई बरोब्बर मध्ये येऊन उभी राहिली! जिथे नुसती भिंत आहे तिथे! मी उठून भिंतीला हात लावून बघितला.
"आजी, तिथे कुणी नाहीये," तो हसला.
"गप बस. ऐकू दे."

तीच ठेवली, बंद खोकी. खोलीच्या मापाची आहेत.

पण नऊ दिवस! एवढे कानवाले येऊन बसले, उठून गेले, एकाने तोंड उघडलं नाही. पाटी काढून पेटीत टाकली.

२१ नोव्हेंबर
सकाळी टोफूच्या रांगेत निशिना सापडले. "तोंडाला टाके घातलेत का तुमच्या?" टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "ऐकवत नव्हतं, सांगवत नव्हतं. म्हणून बाकीचे यायचे थांबले. मालकांचा डावा कान बारा वर्षांपूर्वीच गेला होता, वहिनी. एक बाजू भलतीच मोठी लावायचे. त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. तीच सवय आम्हाला."

मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून जेवले, आणि उत्तर देत नाहीत म्हणून भांडले.

उद्या सकाळी अकरा वाजता उघडणार. पहिली तबकडी संपली की विचारणार, कसं वाजतंय? आधी निशिनांनी उत्तर द्यायचं. मान हलवून नाही — तोंडाने.