डिझेलचा डावा हात

भिलाई-3
१४ सप्टेंबर २०२५

ती. अभिनवदादास टीनाचा सा. न. वि. वि.

पयले माफी. माह्यं शुद्धलेखन तुले मालूमच हाये, नववीत शाळा सोडली, अन् मोबाइलवर माहं एकच बोट चालते. फोन केला असता तं लवकर झालं असतं, पण फोनवर मी हो-नाईच्या पुढं जात नाई. अन् दयारामआजोबानं घालून देलं तसं, कामाची गोष्ट पत्रातच, वर नमस्कार अन् खाली नाव. तं वाच सवडीनं.

सीमामावशीनं तुहा डबा परवा नागपूरवरून आणून देला. रस्त्यात स्वतःचा टिफिन समजून एकदा उघडला म्हणे. पण तुमचा डिझेल, तो इंजन होणारा खेळण्यातला रोबो, सहीसलामत पोचला.

आता मुद्द्याचं. याच्या बदल्यात तुहा दोस्त सुमेध तुह्ये अकराचे अकरा रोबो मांगून राहिला, अन् टीना ओरिजनल म्हणन तं देतो असं तू बोलून बसला. काकानं तुले घेऊन देलेला पयला पिवळा रोबोबी त्यात हाये. म्हणून मी घाई करणार नाई.

रोबोपासून रेल्वे इंजन व्हाले चौदा पलट्या लागतात. मी सात वेळा पलटवला. बाबा हथखोजच्या वर्कशॉपात फिटर, त्यायनं शिकवलं का जोर लावायच्या आधी कान लाव. सगळे जोड टिकटिक बोलतात, ढिला एकबी नाई. छाती धातूची, थंड अन् वजनदार. पाठीच्या चारी स्क्रूवर खरचटलं नाई, मतलब कोणी उघडला नाई. स्टिकरच्या कडा उठल्या, पण चाळीस वर्साच्या मालाच्या उठायलेच पायजे. नवे लावलेले चिपकून राह्यतात. डावा हात जरासा जास्त चमकते. कपाटात त्या बाजूनं भिंत असंन, उजेड लागला नसंन.

माल ओरिजनल दिसते. पक्कं गुरुवारी सांगते. तोवर तुमच्या रोबोवाल्या दोस्तायच्या ग्रुपवर काई लिहू नको.

जीव लावतो तेवढाच लावत राह्य, जास्तीचा नको, मले लाज वाटते.

तुही,
टीना


नागपूर
१५ सप्टेंबर

चि. टीनास अ. आ.

एका बोटानं एवढं लिहिलं, दोन चालले असते तं पोथी झाली असती.

तुले माहीत आहे मी कसा आहे. तू थांब म्हटलं अन् मी थांबलो नाही. ग्रुपवर लिहून टाकलं का माझ्या बहिणीनं तपासला, ओरिजनल आहे, सौदा पक्का. आता सुमेध रविवारी अकरा वाजता माझे अकरा न्यायले घरी येणार. तुही अनुजावहिनी तं कपाट खाली होणार म्हणून खुश आहे, तिथं लोणच्याच्या बरण्या ठेवाचं ठरवून बसली.

पिवळ्याले काल पुसून घेतलं. त्याच्या एका पायाले बाबांनी खिळा ठोकून देला होता, आठवते? असो. डिझेल आला का तेबी विसरीन.

काकाकाकूंले नमस्कार, मैनाआजीले दोन नमस्कार. माया आहे तशी असू दे.

तुहा दादा,
अभिनव


भिलाई-3
१८ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी वाईट गोष्ट सांगते. डिझेलले हळद लागली, अन् ती निघून नाई राहिली.

झालं असं का काल विश्वकर्मा पूजा होती. बाबाचे पाने, हातोडी, व्हाइस, आईची शिलाई मशीन, सगळं धुऊन पाटावर मांडलं. डिझेल इंजन करून बाजूच्या स्टुलावर झाकून ठेवला होता. मैनाआजीनं कपडा काढला अन् दोन्ही बाजूले हळदकुंकवाचे बोटं ओढले, जसे गाडीले ओढतात. वरून अक्षता अन् झेंडू. मी ओरडली तं म्हणे इंजन हाये मंग औजारच झालं, देवानं काय फरक करावा. बाबाले म्हटलं पुसू द्या. बाबा म्हणे पूजेतल्या औजाराले आज हात नाई, उद्या सकाळी. तुले मालूम हाये, हा नियम मोडला तं ते जेवत नाईत. म्हणून हळद दिवसभर राहिली.

आज सकाळी साबणाच्या पाण्यानं पुसलं. कमरेच्या गिअरमधून एक अक्षता सुईनं काढली. कुंकू गेलं. डाव्या हातावरची हळद एका फटक्यात साफ. उजव्यावर पिवळा पट्टा तसाच.

तिथं मी थांबली. इंजन केल्यावर दोन्ही बाजू म्हणजे त्याचे दोन हातच असतात. एकच माल, एकच हळद, एकच दिवस. मंग एका हातानं हळद पिली अन् दुसऱ्यानं कावून नाई? जुनं उघडं प्लास्टिक हळद पिते. वरून रंग मारलेलं पित नाई.

बाबाचं भिंग घेतलं. डाव्या कोपराच्या आत, जिथं हात मुडपते, तिथं रंग घासून गेला अन् खालून राखाडी प्लास्टिक दिसते. उजव्याच्या आत पांढरंच हाये. डावा हात कोणत्या तरी सस्त्या नकलेचा, पांढरा रंगवून लावलेला. अन् हात खांद्यातून बाहेरूनच निघते, त्याले पाठीचे स्क्रू लागतच नाई. हे मले रविवारीच समजाले पायजे होतं. चमकबी दिसली होती, तिले मीच भिंतीचं कारण देलं.

बाकी सगळा ओरिजनल, डावा हात नकली. यात मले डाउट नाई. अकरा देऊ नको. हळदीचं मी सुमेधभाऊले सांगीन, म्हणजे तू सांग.

रागावला तं राग, पण पत्र बंद नको करू.

टीना


नागपूर
१९ सप्टेंबर

चि. टीनास अ. आ.

रागावलो नाही. आजीचं वाचून अनुजा इतकी हसली का तिची भाजी लागली.

पण सुमेध हसला नाही. तो ग्रुपवर म्हणतो, आधी ओरिजनल होता, डाग पडल्यावर नकली झाला, हे डाग लपवाचे धंदे आहेत. तुही शाळा किती झाली तेबी विचारलं. मी नववी सांगितलं अन् पुढं काहीच बोललो नाही. त्याची मले तेव्हापासून लाज वाटून राहिली.

मले तुह्यं पटलं. पण मी सौदा पक्का लिहून बसलो, आता माझं एकट्याचं पटून चालत नाही. रविवारी अकराले सगळे माझ्या घरी राहतीन. व्हिडिओ कॉलवर तू स्वतः दाखवलं तं ऐकतीन. नसंन जमत तं तुले सर्दी झाली म्हणून सांगीन, मंग मात्र शब्द देला तसे अकरा जातीन. पिवळाबी. तुह्यावर रुसणार नाही, एवढं लिहून देतो.

सुखी राह्य. लोभ इकडून पक्का आहे, त्याले तपासाची गरज नाही.

अभिनव


भिलाई-3
२१ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तू तिकडं होताच, सगळं पाह्यलं. तुले इकडचं दिसलं नाई तेवढं लिहिते.

मोबाइल आईच्या मसाल्याच्या डब्याले टेकवला होता, फक्त हात दिसतीन असा. बाबा दाराशी उभे होते, आजी वेताच्या मोढ्यावर बसली होती. सुमेधभाऊनं पयलाच सवाल केला अन् माहे हात डिझेलवर होते तसेच राहिले. शाळेत सर उभं करत तेव्हा असंच होत होतं. उत्तर आलं तरी निघत नव्हतं. तुमाले वाटलं नेट अटकलं. नेट बराबर होतं.

मंग मी स्क्रीन पाहणं सोडलं अन् डिझेलकडं पाह्यलं. त्याच्याबद्दल बोलाले मले कायचं भेव. म्हणून पयले हळदीची माफी मागितली, कारण तो माल दुसऱ्याचा होता अन् मी तो कपाटात ठेवाले पायजे होता. मंग त्यायले विचारूनच दोन्ही हात काढले अन् भिंगाखाली धरले. तुमाले राखाडी दिसलं, तेव्हा बाबा आत आले अन् माह्यासाठी पाणी ठेवून गेले. बाबानं आजवर कोणाले पाणी नेऊन देलं नाई, आईले विचार.

सुमेधभाऊ म्हणाले का त्यायनंबी तो असाच घेतला होता, त्यायले मालूम नव्हतं. मले ते खरं वाटलं. आवाज एकदम उतरला होता त्यायचा. हळद तीन-चार सकाळच्या उन्हात उडून जाईन. पांढऱ्या प्लास्टिकले ऊन चांगलं नाई, म्हणून पट्टा सोडून बाकी डिझेल पोळीच्या चंदेरी कागदात गुंडाळून ठेवीन. आजीले डिझेलपासून दूर ठेवायचं काम आईकडं देलं हाये.

त्यायनं आपले बाकीचे सहा रोबो पाहशील का विचारलं, तेवढ्यात मोबाइल डब्यावरून घसरला अन् तुमाले माहा पूर्ण चेहरा दिसला. मी तो सरळ केला नाई. तसंच हो म्हटलं. माही अट तुलेबी लागू हाये. माहा रिपोर्ट येईपर्यंत ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाई.

सौदा मोडला, आता पिवळा कपाटातच राहू दे. वहिनीले म्हण बरण्यांले दुसरी जागा पाह्य.

आता माया थोडी जास्तीची लावली तरी चालते.

तुही,
टीना

आईनं आज स्वतःचे केस कापले, खांद्यापर्यंत. बाबा तीन वेळा घरात येऊन गेले, त्यायले अजून दिसलं नाई.