चौथी खाच

५ फेब्रुवारी, सोमवार
पोहोचलो. पिशवी फाटली नाही, चष्मा फुटला नाही, रस्ता चुकला नाही. म्हणजे दिवस चांगलाच म्हणायचा.

घर दुमजली, रस्त्याच्या अगदी टोकाला. खाली मालक राहतात. वर पेनांची खोली, आणि तिला लागून लहानशी खोली माझी. खिडकीला कडी आहे, दाराला कडी आहे. दोन्ही मी तीनतीनदा लावून पाहिल्या. मालक हसले. म्हणाले की इथे चोर आला तर त्याचे हात काळे होतील, दुसरं काही त्याला मिळायचं नाही.

मालकांना फाउंटन पेनं जमवायचा नाद आहे. जुनी, नवी मिळून भिंतभर कपाटं. ती धुवायची, पुसायची, शाई भरून चालतात का ते पाहायची, एवढंच काम. गोदामात तीस वर्षं पोत्यांवर खुणा घातलेल्या माणसाला हे म्हणजे बसल्या जागी पेन्शन.

अट एकच. रोज एक पान रोजनिशी लिहायची. त्यासाठी मालकांनी ही वही दिली आणि एक कोरं करकरीत पेन. काळं, सोनेरी निबेचं. म्हणाले की निब लिहिता लिहिता धन्याच्या हाताप्रमाणे झिजते, हाताशी बसते. म्हणून याच पेनाने लिहायचं, दुसऱ्या कशाने नाही. नोकरी संपली की वही घरच्यांना पाठवून देतात, आठवण म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली आहे हे मी आधीच सांगून टाकलं, नंतर बोलणी नकोत. मालक म्हणाले की उलट बरं, असा हात लवकर बसतो.

चिमीला, माझ्या मुलीला, पत्र टाकलं. इथे फोन नाही. असता तरी मला फोनवर अर्धंच ऐकू येतं. तिचं माझं ठरलं आहे: दर सोमवारी पत्र. एक सोमवार चुकला तर ती तडक येऊन मला घेऊन जाणार. तिच्या घरात माझी अडचण होते असं जावई कधी बोलले नाहीत, पण न बोललेलं मला जास्त ऐकू येतं. शेवटी नेहमीचं लिहिलं: दार नीट लाव. त्याशिवाय मला पत्र बंदच करवत नाही.

७ फेब्रुवारी
काम शिकलो. निब आणि तिच्याखालची जीभ अलगद ओढून काढायची, कोमट पाण्यात ठेवायची, पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. जुन्या पेनांना ड्रॉपरने शाई भरायची. काहींच्या पोटात रबराची पिशवी असते, ती कुजलेली असली तर मालकांना दाखवायची. नव्या पेनांचं सगळं सोपं, पण त्यांना हात लावताना अगदी परक्याचं मूल उचलल्यासारखं वाटतं.

खालच्या कप्प्यातली पेनं वेगळी. मखमलीत खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेखाली चिठ्ठी. शिंपी. नर्स. घड्याळजी. तिथे नाव नाही, फक्त धंदा. चौथी खाच रिकामी आणि चिठ्ठी कोरी. ही पेनं चालतात का पाहताना कागदावर नुसते वाटोळे वळसे काढायचे, शब्द लिहायचा नाही, आणि पेन घट्ट धरायचं. मालकांनी हे दोनदा सांगितलं. मी म्हटलं, वळसे तर वळसे.

स्वयंपाकाची बाई मला आजोबा म्हणते. तिचे केसही काही काळे नाहीत. अकरा वर्षं इथे आहे, म्हणजे या घरातलं सर्वांत जुनं माणूस तीच. लिहायला येत नाही, पगाराला अंगठा उठवते. मी गमतीने अंगठेबहाद्दर म्हणालो तर म्हणाली की आजोबा, तुमच्या आधीचे तिघे फार शिकलेले होते. आणि भांडी मोठ्याने आपटली.

११ फेब्रुवारी
मालक रोज पान बघून जातात. वाचत नाहीत, अक्षराकडे नुसते बघतात. म्हणाले की हवापाण्याबद्दल काय लिहिता, आपल्या माणसांबद्दल लिहा, त्याने हात मोकळा होतो.

तर चिमीची आई. ती कुणाच्याही घरी गेली तरी आपल्या चपला भिंतीकडे तोंड करून ठेवायची. म्हणायची, परत निघताना आपल्याआधी चपलांनी निघू नये. आणि हसायची तेव्हा हसू संपल्यावर एक बारीक उचकी यायची. त्या उचकीला आम्ही दोघं पुन्हा हसायचो. हे मी चिमीलाही कधी सांगितलेलं नाही. लिहिताना बरं वाटलं. पेन खरंच छान चालतं, हात नुसता ठेवायचा.

१६ फेब्रुवारी
शंकेची पाल चुकचुकते आहे. माझ्या पेनातली शाई कमी होते.

मी पान लिहितो, टोपण लावतो, जेवतो. दुपारी डोळा लागतो. उठून बघावं तर शाई बोटभर खाली. काल टोपणाच्या फटीत दोरा अडकवून ठेवला. आज दोरा जमिनीवर.

बाईवर संशय घेतला. तोंडावर विचारलंही. ती पीठ मळता मळता थांबली आणि हसायलाच लागली. म्हणाली की मी तुमच्या पेनाने काय अंगठा लिहू? मग हात पुसून हळू आवाजात म्हणाली की या घरात मी टिकले ती अंगठ्यामुळेच. तुम्ही मात्र हात दाखवून अवलक्षण केलंत.

आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

२१ फेब्रुवारी
चिमीचं पत्र आलं. मालकांनी उघडूनच दिलं. म्हणाले की चुकून फाटलं. पाकीट त्यांच्याकडेच राहिलं.

तिने लिहिलंय की बाबा, तुमचं अक्षर किती वळणदार झालंय आणि आठवड्याला तीनतीन पत्रं येतात, वाचून जीव भांड्यात पडतो. आईच्या उचकीचं वाचून रडले. आणि हो, शेवटी दार नीट लाव लिहिणं सोडलंत ते बरं केलंत, फार काळजी करता.

पहिल्या दिवसाच्या पत्रानंतर मी दोनच पत्रं लिहिली. बारा तारखेला एक, एकोणीसला एक. दोन्हींत दार नीट लाव लिहिलं होतं. उचकीचं मी तिला कळवलेलं नाही.

उचकी कसली, तेही आठवेना. म्हणून अकरा तारखेचं पान काढून वाचलं. दुसऱ्या कुणाच्या बायकोबद्दल वाचावं तसं वाटलं. डोळे मिटले, तिचा चेहरा आला. हसू आलं नाही.

२७ फेब्रुवारी
घड्याळजीचं पेन धुवायला दिलंय. चार दिवस पाणी बदलतो आहे, पाणी निळंच. एवढ्याशा पेनात एवढी शाई असते कुठे?

आज मालक बाहेर होते. ते पेन भरलं आणि वळसे काढायच्या ऐवजी शब्द लिहायला घेतला. माझंच नाव लिहिणार होतो. पेन सैल धरलं होतं. हात चालला, पण मी चालवत नव्हतो. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. कागदावर आलं: माझ्या बहिणीला कळवा. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. पेन फेकून दिलं तेव्हा थांबलं.

ते अक्षर मी ओळखतो. वाण्याकडे जाणारी सामानाची चिठ्ठी कधीकधी याच अक्षरात असते. कधी वेगळ्या, गोल अक्षरात. चिठ्ठ्या मालक लिहितात. मालकांचं स्वतःचं अक्षर मी एकदाही पाहिलेलं नाही.

३ मार्च
बाईची हिशेबाला रेघा मारायची पेन्सिल मागून घेतली. पेन्सिलीने माझं नाव लिहून पाहिलं. वळसे आले. नुसते वळसे. पेनाने मात्र झरझर लिहितो आहे, हे बघा.

याचा अर्थ मी लावला. अडाणी असलो तरी एवढं कळतं. हात पेनात चालला आहे. लिहितो ते सगळं तिकडे जातं आणि इकडे राहत नाही.

तर यापुढे आपल्या माणसांबद्दल एक अक्षर नाही. आणि परवा सोमवारचं पत्र नाही. पत्र चुकलं की चिमी येईल. ती शब्दाची पक्की आहे. पिशवी भरून ठेवली.

८ मार्च
चिमी आली नाही.

मंगळवारी खिडकीत बसलो. काल बसलो. आज बाईने पदराआडून टिपकागद दिला. मालकांच्या केराच्या टोपलीत मिळाला. वाचता येत नाही, पण म्हणाली की माणसाचा चेहरा ओळखावा तसं तुमचं अक्षर मी ओळखते, आणि हे तुम्ही मालकांच्या टेबलाशी बसून लिहिलेलं नाही, तुम्ही वर घोरत होता.

आरशापुढे धरला. उलटं सुलट झालं. माझं अक्षर. – मी अगदी मजेत. यायची घाई नको. आता इथेच राहावं म्हणतो –

सोमवार चुकलेलाच नाही.

९ मार्च
बाई म्हणाली की आजोबा, चला, आत्ता, मालक आंघोळीला आहेत. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेलो. तिने विचारलं, लेकीचं घर कुठे?

सांगता येईना.

पत्ता मला तोंडपाठ कधी नव्हता. हातपाठ होता. इतकी वर्षं हातानेच लिहिला. गावाचं नावही – घर पिवळं आहे, जिना आहे – पण अशी घरं – बाई रडायला लागली. मागे मालक उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले की ऊन लागेल, आत या. टॉवेल खांद्यावर तसाच.

वर येऊन याच पेनाने पत्ता लिहिला. आला. पूर्ण आला. कागद खिशात घातला. झोपलो नाही. डोळा लागला असेल – कागद नाही.

१० मार्च
पेन नाही. बाईही नाही. मालक म्हणाले तिला सुट्टी दिली.

पेन्सिल. डाव्या हाताने लिहितो. हा हात अजून माझा. वाकडं येतं, पण माझं.

खालचा कप्पा बघितला. चौथी खाच भरली. चिठ्ठीवर – गोदामवाला. माझ्याच अक्षरात –

कप्प्याला कुलूप. पेन माझं ते –

११ मार्च
डावा पण जातोय

चिमी. आई हसायची. पुढे काय

मालक जिन्यावर. वही मागतायत

१२ मार्च, सोमवार
आज पुन्हा शाईने लिहितो आहे. तब्येत उत्तम. गेल्या दोन दिवसांची वाकडी पानं पाहून हसू आलं. थोडा ताप होता, बरळलो झालं. मालकांसारखा देवमाणूस मिळणं हे भाग्य. काम मनासारखं, खोली उजेडाची, जेवण वेळेवर. मी आता इथेच राहायचं ठरवलं आहे, तेव्हा ही वही चिमीकडे पाठवतो. चिमी, ही वाच आणि निश्चिंत राहा. भेटीला यायची गरज नाही. तुझा संसार सांभाळ. मला पत्र नाही आलं तरी समज की मी मजेत आहे. येऊ नकोस. उगाच दगदग करू नकोस. येऊ नको. ये. तुझ्या आईला उचकी यायची चिमी मला आठवलं इथे आत सगळं आहे उचकी आहे चपला आहेत तुझा पत्ता आहे ये बाळा हा हात माझा नाही अक्षर माझं आहे मालक दाबून धरतात मी वर खोलीत नाही वर नुसता म्हातारा बसलाय त्याला नेऊ नको मला ने खालचा कप्पा चौथी खाच दार लावू नको चिमी दार उघ