राजा तळ्यात पडला त्याची हकीकत

नेदर कॉबली,
रविवार

प्रिय अँब्रोजदादा,

हेटीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी जिना चढू देते का? मी ठणठणीत आहे. सर्दी झालीय, पण तिचं कारण पुढे येईलच.

नव्या पाद्रीबुवांनी यंदा जत्रेत गावाचा इतिहास करून दाखवायचं ठरवलं. (ते लंडनचे. इतिहास म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, असा त्यांचा समज.) तीनशे वर्षांपूर्वी राजाची फौज इथून गेली, वरच्या आळीने तिला चीज दिलं, खालच्या आळीने दगड मारले, एवढाच आपला इतिहास, पण दोन्ही आळ्यांत धुसफूस चालू ठेवायला तेवढा पुरतो. राजा केलं सेप्टिमस लोहाराला. आधीच हेकट, त्यात मुकुट! तालमीत मला म्हणतो, "हेटी, तू बंडखोरच हो. तोंड तसंच आहे तुझं." मी काही बोलले नाही. (राजाचं शेवटी मुंडकं उडवलं होतं, एवढी आठवण करून दिली.)

दगडांऐवजी शिळे पाव फेकायचे ठरले होते. राजाला घोडी मिळाली दूधवाल्याची. ती बिचारी सवयीप्रमाणे एकेका फाटकाशी थांबू लागली. राजा वर "चल गं बाई, चल!" म्हणून विनवतोय, मागे फौज खोळंबलीय, आणि खालची आळी निवांत नेम धरून पाव हाणतेय. शेवटी घोडी तळ्याशी पाणी प्यायला वाकली आणि महाराज तिच्या डोक्यावरून थेट पाण्यात! मुकुट नाकापर्यंत रुतलेला, दिसत काही नाही, हातपाय मारतोय. लोकांना वाटलं अभिनय, टाळ्या पडल्या. मग मीच उतरले. पाणी कमरेइतकं, चिखल मात्र गुडघाभर. मुकुट उपटून काढला, तर हा माणूस धापा टाकत पहिलं काय विचारतो? "घोडीला लागलं नाही ना गं?"

माझ्याच्याने रागावणं झालं नाही, दादा.

दोन्ही आळ्यांनी मिळून आम्हाला ओढून काढलं आणि उरलेलं चीज उरलेल्या पावांबरोबर एकत्र बसून खाल्लं. पाद्रीबुवा म्हणाले, असं तालमीत नव्हतं.

तुझी,
हेटी

ता. क. बाबांचा काळा कोट तुझ्याकडे आहे ना? सेप्टिमसचा एकुलता एक चांगला कोट तळ्यात गेला.

ता. क. कोट पोस्टाने नको, तूच घेऊन ये. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याला तो चर्चमध्ये घालायचा आहे, आणि वेदीपर्यंत नवरीचा (म्हणजे माझा) हात धरून चालायला बाबा नाहीत. हसून झालं की उत्तर लिही.